बादली हललीच नाही, मग दंड का भरून येतो?

संथवाहिनी (धागाकर्ती)

लेकीला 'कार्य' ही संकल्पना समजावत होते. बल गुणिले विस्थापन. वस्तू जागची हलली नाही तर कार्य शून्य. तिने भरलेली बादली उचलली, कोपर काटकोनात वाकवून तशीच धरून उभी राहिली. हात थरथरायला लागल्यावर म्हणाली, "कार्य शून्य, तर माझा दंड का दुखतोय? भिंतीतल्या खिळ्याला हीच बादली टांगली तर तो रात्रभर धरून ठेवेल, आणि त्याला जेवायलाही लागत नाही."

'शरीराला ऊर्जा लागते' एवढ्यावर तिचं समाधान होत नाही आणि होऊही नये. ती ऊर्जा जाते कुठे? स्नायू आखडतो तेव्हा आत नेमकं काय घडतं, आणि काहीही न हलवता नुसतं धरून ठेवायलाही त्याला खर्च का येतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं. व्याख्या नकोत, आतली हालचाल हवी आहे.

रानवारा

खिळ्याचा मुद्दा जबरदस्त. वाचत राहणार.

अनुस्वार

मला यात कोडं दिसत नाही. मेंदू आज्ञा देतो, स्नायू आखडतो, आखडलेला राहायला ऊर्जा लागते. झालं.

संथवाहिनी

@अनुस्वार, कोडं त्या 'लागते'मध्येच आहे ना. एकदा आखडला की तसाच अडकून का राहत नाही?

सूक्ष्मदर्शी

शरीरक्रियाशास्त्र शिकवणं हा माझा पेशा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून समजूत अशी होती की चेतातंतूंमधून एक सूक्ष्म द्रव किंवा वायू स्नायूत शिरतो, स्नायू फुगतो आणि म्हणून आखूड होतो. दंड वाकवल्यावर फुगलेला दिसतोच, तेव्हा ही कल्पना सहज पटण्यासारखी होती. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच संशोधकाने बेडकाचा स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला आणि नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा एक थेंब ठेवला. चेतातंतू छेडल्यावर स्नायू आखडला, पण थेंब काही वर सरकला नाही. आकार बदलला, आकारमान बदललं नाही. बाहेरून आत काही शिरलंच नव्हतं. इतक्या साध्या साधनांनी शेकडो वर्षांची समजूत मोडणारा हा प्रयोग मला फार आवडतो.

मग आखूड होतं ते काय? प्रत्येक स्नायुपेशीत लांबच लांब तंतुकं असतात आणि एकेक तंतुक हजारो छोट्या खणांचं बनलेलं असतं. एका खणाला सार्कोमियर म्हणतात. लांबी साधारण २.५ मायक्रोमीटर. त्यात दोन प्रकारचे धागे असतात, मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक. हे धागेच घडी पडून आखूड होत असावेत, असं बराच काळ वाटत होतं. मे १९५४मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नव्हतं.) दोन गट, वेगळ्या पद्धती, निष्कर्ष एकच: स्नायू आखडताना जाड धाग्यांचा गडद पट्टा होता तेवढाच राहतो, फिकट पट्टा मात्र अरुंद होत जातो. म्हणजे कुठलाच धागा आखूड होत नाही. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधल्या जागेत सरकतात आणि खणाच्या दोन भिंती जवळ येतात.

सरकवतात ती मायोसिनची डोकी. एका जाड धाग्यात मायोसिनचे सुमारे ३०० रेणू असतात आणि प्रत्येकाला दोन डोकी. डोकं ॲक्टिनला चिकटतं, कलतं, ॲक्टिनला ५ ते १० नॅनोमीटर ओढतं, सुटतं, पुन्हा ताठ होतं, पुढच्या जागी चिकटतं. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, रेणू या चक्रात कुठे लागतो ते नीट पाहा, धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ओढून झालेलं डोकं ॲक्टिनला घट्ट धरून बसतं. एटीपी येऊन डोक्याला लागल्याशिवाय ते सुटत नाही. सुटल्यावर त्याच एटीपीचं विघटन होतं आणि त्या ऊर्जेवर डोकं पुढच्या ओढीसाठी ताठ होतं. एटीपी नसेल तर स्नायू सैल पडत नाही, तो पकडीत अडकून राहतो.

रानवारा

एटीपी नसेल तर स्नायू अडकून राहतो, हा भाग दोनदा वाचला. मी अगदी उलट धरून चाललो असतो.

अनुस्वार

माहिती उत्तम. पण मग माझी शंका वाढली. बादली नुसती धरायची आहे, तर डोक्यांनी सुटायचंच कशाला? सगळी चिकटून बसली तर बादलीही राहील आणि एटीपीही वाचेल.

सूक्ष्मदर्शी

@अनुस्वार, अचूक ठिकाणी बोट ठेवलंत. डोक्यांना 'आता फक्त धरायचं आहे' हे कळण्याची सोयच नाही. त्यांना एकच खूण मिळते, कॅल्शियमची. एरवी ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन ॲक्टिनवरच्या चिकटण्याच्या जागा झाकून असतं. पेशीत कॅल्शियम वाढलं की ते ट्रोपोनिनला जोडलं जातं, झाकण बाजूला होतं आणि जागा उघड्या पडतात. (ट्रोपोनिनचा शोध सेत्सुरो एबाशी या जपानी शास्त्रज्ञाचा, १९६०च्या दशकातला.) जागा उघड्या आणि एटीपी हजर, एवढं असलं की प्रत्येक डोकं आपलं चिकटणं, ओढणं, सुटणं करत राहतं. बादली वर जातेय, थांबलीय की खाली येतेय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एक डोकं सुटतं तेव्हा इतर असंख्य डोक्यांनी धागा धरलेला असतो, म्हणून बाहेरून सगळं स्थिर दिसतं. आत मात्र प्रत्येक सुटण्याला एटीपीचा एक रेणू खर्ची पडतोच.

दुसरा खर्च कॅल्शियमचा. चेतातंतूचा संदेश आला की पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर सुटतं, आणि ते परत कोठारात भरणाऱ्या पंपांनाही एटीपी लागतं. नुसतं धरून ठेवताना हा वाटाही बऱ्यापैकी मोठा असतो.

लेकीला सांगा, बादलीवर कार्य शून्यच आहे, पुस्तक बरोबर आहे. पण आत धागे ताणले जाताहेत, सुटताहेत, परत ताणले जाताहेत. ती सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ए. व्ही. हिल यांनी स्नायूतली ही उष्णताच मोजली, त्याबद्दल त्यांना १९२२चं नोबेल मिळालं.

विषमभुज

वर कुणी तरफेचा हिशेब मांडला नाही, तो मांडतो. दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप्स, कोपराच्या सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटीमीटरवर हाताच्या हाडाला जोडलेला असतो. बादली धरलेली मूठ तिथून साधारण ३२ सेंटीमीटर लांब. ४ सेंटीमीटर धरलं तर गुणोत्तर ८. कोपर काटकोनात असताना ५ किलोची बादली पेलायला दंडातल्या स्नायूंना ४० किलोच्या वजनाइतकं ओढावं लागतं, हाताचं स्वतःचं वजन वेगळं!

हा तोटा वाटतो, पण बदल्यात मिळतं ते बघा. स्नायू १ सेंटीमीटर आखडला की मूठ ८ सेंटीमीटर उचलली जाते, आणि तेवढ्याच वेळात. १० सेंटीमीटर लांबीच्या तंतुकात सुमारे ४०,००० खण एकापुढे एक असतात. प्रत्येक खण फक्त ०.२५ मायक्रोमीटर आखडला तर एकूण १ सेंटीमीटर होतो. सगळे खण एकाच वेळी आखडतात, म्हणून वेगाचीही बेरीज होते. नॅनोमीटरच्या ओढीपासून चेंडू फेकण्यापर्यंतचा प्रवास या दोन गुणाकारांत बसतो.

संथवाहिनी

@विषमभुज, हे गणित तिने स्वतः वहीत करून पाहिलं. मग हात खाली सरळ सोडून बादली धरली, तर दंड दुखेना, बोटं दुखायला लागली.

विषमभुज

अगदी बरोबर निरीक्षण! हात सरळ लोंबता असला की वजनाची रेषा कोपरातूनच जाते, बायसेप्सला धरायला काही उरतच नाही. भार हाडं आणि अस्थिबंधांवर जातो. पण बोटं वाकलेलीच असतात, त्यामुळे बोटं मिटणाऱ्या स्नायूंची सुटका नाही. ते स्नायू बहुतेक कोपर ते मनगट या भागात असतात, म्हणून थोड्या वेळाने तिथेही कळ येते. गुडघे सरळ ठेवून आपण बराच वेळ उभे राहू शकतो, अर्धवट वाकवले की लगेच मांड्या पेटतात, ते याच कारणाने.

पायवाट

मांड्यांवरून आठवलं. डोंगर चढताना धाप लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. प्रत्येक ट्रेकनंतर हाच अनुभव. उतरताना तर गुरुत्वाकर्षण मदतीला असतं. मग?

कसरतवीर

लॅक्टिक ॲसिड साठतं. भरपूर पाणी आणि मालीश.

मीनल_फिजिओ

@कसरतवीर, नम्र असहमती. रोज पेशंटना हेच समजावते, म्हणून इथेही सविस्तर लिहिते. जोरदार व्यायामात लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) वाढतं, पण थांबल्यावर तासा-दीड तासात ते जवळपास पूर्वपदावर येतं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं. शिवाय लॅक्टेट चढताना जास्त तयार होतं आणि दुखतं उतरल्यामुळे, पायवाट यांनी स्वतःच सांगितलंय. एवढ्यावरूनच लॅक्टेट निर्दोष ठरतं.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ओढतही असतो, तुम्ही गडगडू नये म्हणून. अशा वेळी चिकटलेली डोकी बळजबरीने मागे खेचली जातात. प्रत्येक डोक्यावर ताण जास्त येतो, त्यामुळे तेवढंच वजन पेलायला कमी तंतू पुरतात आणि ऊर्जाही कमी लागते. पण त्या थोड्या तंतूंमधले काही खण प्रमाणाबाहेर ताणून विस्कटतात. मग सूज, दुरुस्ती आणि दुखणं. चांगली बातमी अशी की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच उतार फारसा त्रास देत नाही, स्नायू बऱ्यापैकी सरावतो. म्हणून मोठ्या ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी मुद्दाम थोडं उतरून घ्या. जिना पुरतो.

सूक्ष्मदर्शी

मीनलताईंच्या मुद्द्याला जोड. १९५२मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पेडलना पायाने रोखत राहायचं. दोघांच्या पायांत बल तेवढंच, वेग तेवढाच. तरी पेडल मारणाऱ्याला प्राणवायू कित्येक पट जास्त लागला. बारीक चणीच्या बाईने नुसतं रोखून धरून धडधाकट पुरुषाला दमवलं, असंही प्रात्यक्षिक झालं.

रानवारा

पुढच्या वेळी जोडसायकल घेतली तर मागची सीट माझी!

कसरतवीर

@मीनल_फिजिओ, वेळेचा मुद्दा पटला. तासाभरात निघून गेलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी दुखवू शकत नाही. एक विचारतो: व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच वजन जास्त उचलता येतं, दंडाचा घेर मात्र तेवढाच असतो. हे कसं?

मीनल_फिजिओ

तो सुरुवातीचा फायदा बहुतांशी मज्जासंस्थेचा. एक चेतापेशी अनेक स्नायुतंतूंना एकदम कामाला लावते, त्या गटाला चालक एकक म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीकडे मोजकेच तंतू, म्हणून नजर इतकी बारकाईने वळते. पोटरीत एकीकडे हजाराहून जास्त. हलकं काम असेल तर लहान एककं आधी लागतात, जोर वाढला की मोठी. सराव नसलेला माणूस सगळी एककं पुरेशी वापरत नाही आणि विरुद्ध बाजूचा स्नायूही नकळत आवळून ठेवतो. सरावाने दोन्ही सुधारतं. तंतू जाड व्हायला त्याहून वेळ लागतो.

शब्दवेडी

एक अवांतर प्रश्न. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, हे समजलं. कोपर सरळ करायला मागचा ट्रायसेप्स हाड ओढतो, तेही समजलं. पण जीभ? तिला ओढायला पुढे हाड कुठंय? तरी ती बाहेर निघते.

रानवारा

जिभेला हाड नसतं हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, चर्चा स्थळावर तर रोज पुरावा मिळतो!

सूक्ष्मदर्शी

सुंदर प्रश्न. दोन गोष्टी एकदम होतात. हनुवटीच्या हाडाला मागून जोडलेला एक स्नायू जिभेचं मूळ पुढे ओढतो. आणि जिभेच्या आत उभे-आडवे स्नायू असतात. ते आखडले की जीभ अरुंद आणि पातळ होते. आकारमान तर बदलू शकत नाही, मग ती लांब होते. वर लिहिलेला स्वामरडाम यांचा थेंब इथेही कामाला आला. हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे बाहू याच तत्त्वावर चालतात.

निमिष

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

डॉ_अवकाश

मी भूलतज्ज्ञ. एटीपी नसेल तर स्नायू पकडीत अडकतो, या सूक्ष्मदर्शींच्या वाक्याचा पुरावा वैद्यकात मिळतो: मृत्यूनंतरचा ताठरपणा. श्वास थांबला की काही तासांत एटीपी संपतं, कॅल्शियम कोठारातून पाझरतं, डोकी चिकटतात आणि सोडवणारं कुणी उरत नाही. जबडा, मान अशा ठिकाणी तो आधी जाणवतो, साधारण १२ तासांत सर्वांगाला येतो आणि पुढे प्रथिनंच विघटित होऊ लागली की ओसरतो. थंडी-उष्म्याप्रमाणे हा वेळ बदलतो. या मुलीने विचारलेला खिळा स्नायूला होता येतं, पण तेव्हा प्राण गेलेला असतो.

जिवंतपणी उलटी टोकाची अवस्थाही पाहिली आहे. काही लोकांच्या स्नायूंत कॅल्शियम सोडणारी दारं जन्मतःच सदोष असतात. एरवी काहीच कळत नाही, पण ठराविक भूलवायू दिला की दारं उघडीच राहतात, सगळे स्नायू एकदम कामाला लागतात, शरीर ताठरतं आणि तापमान झपाट्याने चढतं. डॅन्ट्रोलीन हे औषध ती गळती रोखतं. म्हणून घरात कुणाला भुलीच्या वेळी जीवघेणा ताप आला असेल, तर शस्त्रक्रियेआधी आवर्जून सांगा. ही माहिती एक जीव वाचवू शकते.

पायवाट

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. आभार. रात्री पोटरीत गोळा येतो तोही एटीपी संपल्यामुळेच का?

डॉ_अवकाश

नाही, तिथे एटीपी भरपूर असतं. पोटरीच्या चेतापेशी विनाकारण सारखे संदेश पाठवत राहतात, स्नायू फक्त आज्ञा पाळतो. पायाचा पंजा नडगीकडे ओढून धरा. कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) ताण पडला की तिथल्या संवेदकांकडून त्या चेतापेशींना आवर घालणारे संदेश जातात आणि गोळा सुटतो. वारंवार होत असेल, पाय सुजत असेल किंवा अशक्तपणा असेल तर मात्र दाखवून घ्या.

अनुस्वार

मूळ प्रश्नाकडे परत येतो. प्राण असताना खिळा होणं एकाही स्नायूला जमलेलं नाही का? मला अजूनही वाटतं की निसर्गाने ही बचत सोडली नसावी.

सूक्ष्मदर्शी

@अनुस्वार, नाहीच सोडली! शिंपले पाहा. संकट आलं की शिंपला मिटतो आणि तासन्‌तास मिटलेला राहतो, तेही अगदी थोड्या ऊर्जेत. त्याचा झडपा मिटणारा एक स्नायू आधी नेहमीसारखा आखडतो, मग कॅल्शियम उतरल्यावरही धागे एकमेकांना धरलेलेच राहतात. पुन्हा उघडायचं तेव्हा सिरोटोनिनचा वेगळा संदेश लागतो. आपल्या रक्तवाहिन्या आणि आतडी यांच्या भिंतींतले अरेखित स्नायूही थोडं तसंच करतात. तिथली डोकी फार सावकाश सुटतात, त्यामुळे दिवसरात्र ताण धरून ठेवणं त्यांना स्वस्त पडतं.

हाडं हलवणाऱ्या स्नायूंना हे चालणार नाही. डोकी सावकाश सुटली तर चेंडू झेलता येणार नाही, ठेच लागल्यावर तोल सावरता येणार नाही. पटकन आखडणं आणि तितक्याच पटकन सैल होणं हवं असेल तर डोकी सारखी सुटत राहायला हवीत. बादली धरताना दंडाला जो खर्च येतो तो या चपळाईचा आहे.

अनुस्वार

हे उत्तर मिळालं, आता माझ्यापुरतं कोडं सुटलं. पहिला प्रतिसाद मागे घेतो.

विषमभुज

एक राहिलं. मिनिटाभरात थरथर का सुरू होते? एटीपी तर संपत नाही.

मीनल_फिजिओ

सतत आवळलेल्या स्नायूत आतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. प्राणवायू कमी पोचतो, फॉस्फेटसारखे पदार्थ साठतात आणि प्रत्येक डोक्याची ओढ कमी पडते. मग मेंदू आणखी मोठी एककं जुंपतो. त्यांचे झटके मोठे, एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून हात हलताना दिसतो. मध्येच क्षणभर सैल सोडलं की रक्त धावतं आणि बरं वाटतं.

संथवाहिनी

सर्वांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शिंपल्याचा प्रतिसाद तिने मोठ्याने वाचून दाखवला. लगेच पुढचा प्रश्न तयार आहे: "मग हृदय का थकत नाही?"

डॉ_अवकाश

तिला सांगा, हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा आखडतं, पण प्रत्येक ठोक्यानंतर पूर्ण सैल होतं. विसाव्याच्या स्थितीत त्याचा सैल असण्याचा काळ आखडण्याच्या काळापेक्षा जास्त असतो, आणि डाव्या बाजूच्या जाड भिंतीला रक्त मुख्यतः त्याच वेळात मिळतं. एकदा संदेश मिळाल्यावर हृदयपेशी काही काळ दुसरा संदेश घेतच नाही, त्यामुळे दंडासारखं सलग आवळून राहणं तिला शक्यच नसतं. शिवाय त्या पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी (पेशीतल्या ऊर्जाघरांनी) व्यापलेला असतो, एटीपी तिथल्या तिथे तयार होत राहतं. फक्त प्राणवायू अखंड हवा. तो काही मिनिटं तुटला तरी हृदय आखडेनासं होतं.